भांडी परत घेण्याची व्यवस्था इंदुरात धंदा म्हणून उभी राहील का?

दुसरी_गल्ली (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. सुदामा नगरातील आमच्या गणेशोत्सव मंडळाच्या बैठकीत यंदा महाप्रसादासाठी कागदी ताटल्या आणायच्या की स्टीलची ताटे, या एकाच मुद्द्यावर बराच वेळ चर्चा झाली आणि शेवटी, आपल्या रीतीप्रमाणे, निर्णय पुढच्या बैठकीवर ढकलण्यात आला. प्रश्न केवळ मंडळापुरता असता तर धागा काढला नसता.

स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर २०१७ पासून सातत्याने अग्रस्थानी आहे. दारात येणारी गाडी सहा प्रकारचा कचरा वेगवेगळा घेते आणि देवगुराडियाचा प्रकल्प फेब्रुवारी २०२२ पासून रोज ५५० टनांपर्यंत ओल्या कचऱ्याचे बायो-सीएनजी करण्याच्या क्षमतेने उभा आहे. याचा अभिमान मलाही आहे. परंतु हे सारे कौशल्य वस्तू फेकून झाल्यानंतरचे आहे. ताटली, पेला, डबा, बाटली या वस्तू एकदाच वापरण्यासाठी बनवायच्या, आणि मग त्या उत्तम रीतीने गोळा केल्याबद्दल पाठ थोपटून घ्यायची, हे मला पटेनासे झाले आहे.

महापालिकेच्या पुढाकाराने समारंभांना स्टीलची भांडी देणाऱ्या ‘बर्तन बँके’चा प्रयोग इथे झालेलाच आहे. तो स्तुत्य आहे, पण तो सेवाभावावर चालतो. माझा प्रश्न धंद्याचा आहे. भांडे न विकता त्याचा वापर विकणारा, ते परत घेऊन धुऊन पुन्हा बाजारात आणणारा व्यवसाय या शहरात चालेल का? चालत नसेल, तर नेमका कुठे अडतो? पर्यावरणावरील भाषणे सर्वांनी ऐकलेली आहेत. कृपया हिशेबाचे आणि अनुभवाचे लिहावे.

रात्रीचा_सराफा
निर्णय पुढच्या बैठकीवर ढकलणे हाच आपल्याकडे सर्वाधिक वेळा पुन्हा वापरला जाणारा ठराव आहे, त्यामुळे मंडळाने सुरुवात तर योग्य दिशेने केलेली दिसते.

हिशेबनीस
धागाकर्त्यांनी हिशेब मागितला आहे म्हणून लिहितो. लोक अशा वेळी ‘स्टीलचे ताट वीस वर्षे टिकते’ असे सांगतात आणि तिथेच गणित चुकते. धंद्यात भांड्याचे आयुष्य ते झिजण्यावर नव्हे, हरवण्यावर ठरते. समजा, दर फेरीत शंभरातली पाच भांडी परत येत नाहीत. मग ते भांडे स्टीलचे असो, तांब्याचे असो वा सोन्याचे, सरासरीने ते वीसच फेऱ्या करते. हरवण्याचे प्रमाण शंभरात दोनवर आणले तर पन्नास फेऱ्या, एकावर आणले तर शंभर. म्हणजे अधिक जाड पत्र्याचे भांडे घेण्यात घातलेला पैसा वाया जातो, आणि भांडे परत यावे यासाठी घातलेला पैसा दामदुप्पट होऊन मिळतो.

आता यात धुण्याचा, नेण्या-आणण्याचा आणि मोजण्याचा खर्च मिळवा. तो दर फेरीला नव्याने करावा लागतो आणि एकदाच वापरायच्या ताटलीच्या किमतीपेक्षा तो कमी राहिला तरच व्यवसाय टिकतो. कागदी ताटलीची किंमत कमी दिसते, कारण ती उचलण्याचा आणि तिची विल्हेवाट लावण्याचा खर्च ताटली विकणाऱ्याच्या वहीत येत नाही. तो महापालिकेच्या, म्हणजे आपल्याच, खात्यात पडतो. तो खर्च ताटलीच्या किमतीत आला की दोन्ही पारडी बरीच जवळ येतील. अडचण आहे ती इथे.

पंगत_वाढपी
मी मंगल कार्यालयांत जेवणाची कामे घेतो, त्यामुळे या विषयात माझे हात अक्षरशः भिजलेले आहेत. हिशेबनीसांचे गणित बरोबर आहे, पण त्यात एक ओळ राहिली आहे: वाळवणे.

लोकांना वाटते की अडचण धुण्याची आहे. धुणे होते. एका टाकीत खरकटे निपटायचे, दुसरीत साबणाचे गरम पाणी, तिसरीत स्वच्छ पाणी. चार बाया सरावाच्या असल्या तर एक पंगत उठून दुसरी बसेपर्यंत ताटे निघतात. पण ओले ताट ओल्या ताटावर रचले की मधे पाणी अडकते, आणि सकाळी त्या चळतीतून जो कुबट वास येतो तो पुन्हा धुतल्याशिवाय जात नाही. बोअरचे पाणी असेल तर वर पांढरे डाग उरतात, आणि पाहुणे ते डाग बोटाने घासून पाहतात व ताट बदलून मागतात. ताटे उभी ठेवायला जाळीचे घोडे लागतात, त्यांना जागा लागते आणि पावसाळ्यात तर पंखेही लागतात. गणपती पावसाळ्यातच येतात, हे मंडळाने ध्यानात घ्यावे.

आमच्या व्यवसायात डिस्पोजेबल आले ते लोक आळशी झाले म्हणून नव्हे. भांडी घासणाऱ्या बाया मिळेनाशा झाल्या आणि कार्यालयांनी मागच्या अंगणातली धुण्याची जागा पार्किंगला दिली, म्हणून ते आले. ताटे परत आणायची असतील तर आधी ती जागा परत आणावी लागेल.

पळसपान
आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर शेकडो वर्षे होते. पळसाच्या पानांची पत्रावळ आणि द्रोण वापरावेत, जेवण झाल्यावर ते ओल्या कचऱ्यात जावेत, तिथून देवगुराडियाला. धुणे नाही, वाळवणे नाही, हरवणे नाही. निमाड आणि झाबुआकडच्या जंगलातून पाने गोळा करणाऱ्या बायकांच्या हातात चार पैसेही पडतात. स्टीलचा एवढा आग्रह कशासाठी?

पंगत_वाढपी
पळसपान ताई, काडीने टाचलेली पत्रावळ मिळाली तर मी आजच घेईन. बाजारात पत्रावळ म्हणून जी मिळते ती बहुतेक वेळा यंत्रावर दाबलेली असते आणि तिच्या पोटाशी कागद व प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा चिकटवलेला असतो. ती ओल्या कचऱ्यात घातली की गाडीवाला परत काढायला लावतो आणि त्याचे बरोबरच असते. शिवाय खऱ्या पत्रावळीवर पातळ वरण वाढले की ते यजमानाकडे न थांबता शेजारच्या पाहुण्याकडे जाते.

रात्रीचा_सराफा
वरणाच्या या परोपकारी वृत्तीचे आपण स्वागत केले पाहिजे.

पिथमपूर_शिफ्ट
मी पिथमपूरला वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात साहित्याचे काम पाहतो. धागाकर्त्यांना आश्चर्य वाटेल, पण पुन्हा वापरायच्या वेष्टनाची अर्थव्यवस्था आमच्याकडे केव्हाचीच चालू आहे, फक्त तिच्याविषयी कोणी निबंध लिहीत नाही. पुरवठादाराकडून माल येतो तो घडीच्या प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये. क्रेटच्या आत प्रत्येक भागासाठी साचा असतो, बाहेर क्रमांक असतो आणि माल उतरवलेली गाडी रिकाम्या क्रेट घेऊनच परत जाते. पुठ्ठ्याची खोकी आम्ही दूरच्या मालासाठीच वापरतो.

हे आमच्याकडे चालते आणि घराघरांत चालत नाही, याची कारणे मला साधी दिसतात. देणारा आणि घेणारा एकमेकांना ओळखतात, त्यांच्यात रोजचा व्यवहार असतो, गाडीला परत जायचेच असते आणि क्रेट हरवली तर तिची किंमत कोणाच्या बिलातून कापायची हे आधीच ठरलेले असते. ग्राहकाच्या बाबतीत यातली एकही गोष्ट नसते.

नाही म्हणायला घरापर्यंत पोचलेले एक उदाहरण आहे, आणि ते प्रत्येकाच्या ओट्याखाली आहे: १४.२ किलोचा गॅस सिलिंडर. अनामत रक्कम भरल्याशिवाय मिळत नाही, रिकामा दिल्याशिवाय भरलेला मिळत नाही, आकार देशभर एकच. वरच्या कड्याला जोडलेल्या पट्टीवर आतल्या बाजूने ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर आणि वर्षाचे शेवटचे दोन अंक रंगवलेले असतात. वर्षाच्या कोणत्या तिमाहीत त्याची पुढची चाचणी व्हायची आहे, ते त्यावरून कळते. कोट्यवधी घरांत फिरणारे हे भांडे आपण ‘पर्यावरणपूरक’ म्हणून वापरत नाही. दुसरा मार्गच ठेवलेला नाही, म्हणून वापरतो.

हिशेबनीस
उत्तम उदाहरण. त्यात एवढेच जोडतो की सिलिंडर कधीही ग्राहकाच्या मालकीचा होत नाही. आपण सिलिंडरची किंमत भरत नसून अनामत भरतो. मालकी कंपनीकडेच राहते, त्यामुळे तो मजबूत बनवण्यात आणि परत आणण्यात कंपनीचाच फायदा असतो. जिथे भांड्याची मालकी ग्राहकाकडे जाते तिथे कंपनीला ते शक्य तितके हलके आणि स्वस्त करावेसे वाटते.

राइनकाठची_माळवी
मी मूळची टिळक नगरची. काही वर्षांपासून जर्मनीत राहते. इथल्या व्यवस्थेची भारतात फार स्तुती होते, म्हणून दोन्ही बाजू लिहिते.

स्तुतीस पात्र आहे ती बाटली. इथल्या खनिज पाण्याच्या व्यावसायिकांनी १९६९ मध्ये काचेची एकसारखी बाटली ठरवली आणि ती अनेक कंपन्यांत सामायिक आहे. एका कंपनीची रिकामी बाटली दुसरी कंपनी धुऊन भरू शकते, त्यामुळे ती मूळ गावी नेण्याची गरज उरत नाही. जवळच्या कारखान्यात गेली तरी चालते. अशा बाटलीवर सहसा १५ सेंट अनामत असते, बिअरच्या बाटलीवर ८ सेंट. गंमत अशी की एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या बाटलीवर आणि कॅनवर २००३ पासून सक्तीची अनामत आली, ती आता २५ सेंट आहे. पण त्या बाटल्या परत येऊन चिरडल्या जातात, पुन्हा भरल्या जात नाहीत. म्हणजे अनामत आली की पुनर्वापर आलाच, असे नाही. परत येणे आणि पुन्हा भरले जाणे ही दोन स्वतंत्र कामे आहेत.

दुसरी बाजू उपाहारगृहांची. जानेवारी २०२३ पासून पार्सल देणाऱ्या उपाहारगृहांनी पुन्हा वापरता येणाऱ्या डब्याचा पर्याय ग्राहकाला दिलाच पाहिजे, असा कायदा आहे. लहान दुकानांना ग्राहकाने आणलेला डबा भरून देण्याची मुभा आहे. माझ्या गल्लीतल्या दुकानांत तशी पाटी आहे, मात्र तो डबा मागणारा माणूस मला क्वचितच दिसतो. कारण फेकायचा डबा आजही फुकट मिळतो. ट्युबिंगन नावाच्या विद्यापीठाच्या गावाने मात्र २०२२ पासून एकदाच वापरायच्या पेल्यावर आणि डब्यावर ५० सेंट कर लावला. त्याविरुद्ध प्रकरण देशाच्या घटना न्यायालयापर्यंत गेले आणि कर वैध ठरला. हिशेबनीस काका जी दोन पारडी म्हणत आहेत, ती जवळ आणण्याचा हा सरळ मार्ग आहे.

सव्वाशेर_शेव
आमचे नमकीनचे दुकान आहे. सर्वांचे वाचून आनंद झाला, आता थोडा विरस करतो.

शेव, मिक्श्चर, चिवडा यांना हवा आणि उजेड लागला की आठवड्यात तेल खवट लागते. ज्या बहुपदरी पाकिटाला आपण सर्वजण दूषणे देतो, ते पाकीट हा माल मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांपर्यंत महिनोन्महिने खुसखुशीत ठेवते. त्याच्या जागी काचेची बरणी देऊन ती बरणी पुण्याहून परत मागवायची, ही कल्पना मी वडिलांना सांगितली तर ते माझ्या हातून गल्ला काढून घेतील.

शहरातल्या शहरात मात्र गोष्ट निराळी आहे. रोजची गिऱ्हाइके आजही घरचा डबा घेऊन येतात. आम्ही रिकामा डबा काट्यावर ठेवतो, काटा शून्यावर आणतो आणि मग शेव घालतो. यात काही अवघड नाही. अडचण होते ती दिवाळीच्या गर्दीत, जेव्हा समोर चाळीस माणसे असतात आणि प्रत्येकाच्या डब्याचे झाकण वेगळ्या पद्धतीने उघडते. त्या दिवसांत तयार पुडे लागतातच.

आणि कायदाही पाहा. तेल आमच्याकडे १५ किलोच्या पत्र्याच्या डब्यातून येते. अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे एकदा वापरलेला पत्र्याचा किंवा प्लॅस्टिकचा डबा खाद्यतेल भरण्यासाठी पुन्हा वापरता येत नाही. भेसळ आणि खवटपणा यांसाठी तो नियम आहे, त्याविषयी माझी तक्रार नाही. रिकामे डबे आम्ही विकतो, आणि त्यांच्या कुंड्या, सुपल्या, पिंपे, कोठ्या होतात. तात्पर्य, प्रत्येक वस्तू तिच्या मूळ कामासाठीच पुन्हा वापरता येईल, असे धरून चालू नये.

कापडी_पिशवी
या निमित्ताने कापडी पिशव्यांविषयीही बोलावे. डेन्मार्कच्या पर्यावरण संस्थेने २०१८ मध्ये पिशव्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. साध्या सुती पिशवीचा केवळ हवामानावरील परिणाम धरला तर ती किमान ५२ वेळा वापरल्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीची बरोबरी होते. पाणी, खते इत्यादी सर्व परिणाम धरून सर्वांत कठीण निकष लावला तर हा आकडा ७१०० वर जातो. आमच्या घरी मुंजी, लग्ने, वास्तुशांती आणि संमेलने यांत मिळालेल्या इतक्या कापडी पिशव्या आहेत की त्या ठेवण्यासाठी एक मोठी कापडी पिशवी आणावी लागली. पुन्हा वापरता येणारी वस्तू फुकट वाटली की तीही एकदाच वापरायची वस्तू होते.

पळसपान
जुन्या साडीच्या पिशवीला हा हिशेब लागू होत नाही, कारण त्या कापडाचा खर्च साडी असतानाच वसूल झालेला असतो. संमेलनाचे नाव छापण्यासाठी नवे कापड विकत घेणे बंद करावे, एवढाच त्या अभ्यासातून निघणारा अर्थ मला मान्य आहे.

जलूद_ते_इंदूर
मी पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालो. पंगत_वाढपी यांच्या तीन टाक्या वाचल्यापासून मला झोप नाही.

इंदूरचे पाणी नळाला येते तेव्हा ते जलूदहून, सुमारे ७० किलोमीटरवरून, नर्मदेच्या खोऱ्यातून विंध्याचा चढ चढून आलेले असते. आपले शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. १९७८ मध्ये पहिल्या टप्प्याचे पाणी आले तेव्हापासून या चढाचे वीजबिल शहर भरते आहे. ते कमी करण्यासाठी महापालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटी रुपयांचे हरित रोखे काढून जलूदला ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प हाती घेतला, यावरून त्या बिलाची कल्पना यावी. तेव्हा ‘धुऊन वापरा’ म्हणताना ते पाणी कुठून आणि किती विजेवर आले, हेही मांडावे.

मी विरोध करत नाही. कागद आणि प्लॅस्टिक बनवायलाही पाणी लागतेच, फक्त ते आपल्या नळातून जात नाही. माझा आग्रह एवढाच की धुण्याचे काम प्रत्येक ठेल्यावर, प्रत्येक मांडवात वाहत्या नळाखाली होऊ नये. एका ठिकाणी, यंत्रावर, शेवटच्या स्वच्छ पाण्याने पुढच्या खेपेचे खरकटे भिजवण्याच्या पद्धतीने ते झाले तर पाणी फार कमी लागते. घरी आपण तांदूळ धुतलेले पाणी तुळशीला घालतो, त्यात आणि यात तत्त्वाचा फरक नाही.

पंगत_वाढपी
काका, आपण झोपा. तिसऱ्या टाकीतले पाणी आम्ही पहिल्या टाकीतच घेतो. पाण्याचा टँकर स्वतःच्या पैशाने मागवावा लागला की हे आपोआप सुचते. यंत्राविषयी मात्र आपण म्हणता ते खरे आहे. एक धुण्याचे केंद्र असेल, तिथे वाळवण्याची गरम हवेची सोय असेल, आणि ते दिवसा कार्यालयांचे व रात्री खाऊगल्ल्यांचे काम करील, तर यंत्राचे पैसे निघू शकतील. एकट्या आचाऱ्याला ते परवडत नाही, कारण लग्नसराई संपली की यंत्र चार महिने धूळ खाते.

रात्रीचा_सराफा
आता मीही एक गंभीर प्रतिसाद देतो. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

सराफ्यात ठेले लागतात ते सोन्या-चांदीची दुकाने बंद झाल्यावर, त्यांच्याच ओट्यांवर आणि समोर. तिथे ठेलेवाल्याला स्वतःचा नळ नसतो, मोरी नसते आणि पहाटेपूर्वी सारे आवरायचे असते. गराडू, भुट्ट्याचा कीस, दहीवडा हे सारे द्रोणात किंवा कागदी वाटीत मिळते याचे मूळ या जागेत आहे. पण याच बाजाराची एक जमेची बाजू आहे: खाणारा उभ्याउभ्याच खातो. तो वाटी घेऊन घरी जात नाही, फार तर पुढच्या ठेल्यापर्यंत जातो. सर्व ठेल्यांची वाटी एकसारखी असेल आणि ती कोणत्याही ठेल्याशेजारच्या पेटीत टाकता येत असेल, तर हिशेबनीसांचे हरवण्याचे प्रमाण इथे सर्वांत कमी येईल. गोटी सोड्याची बाटली इतकी वर्षे टिकली ती याच कारणाने. ती दुकानासमोरच रिकामी करावी लागते.

चहाचे उदाहरण तर त्याहून सोपे आहे. काचेचा पेला टपरीवर कालपरवापर्यंत होताच. कागदी पेल्याला आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, आणि खरगपूरच्या आयआयटीतील संशोधकांना २०२० मध्ये असे आढळले होते की अशा पेल्यात १०० मिलिलिटर गरम द्रव १५ मिनिटे ठेवला तर त्यात प्लॅस्टिकचे सुमारे २५,००० सूक्ष्म कण उतरतात. इंदुरात चहा १५ मिनिटे पेल्यात राहील इतकी गप्पांची सोय सर्वत्र आहे.

भंगारातले_सोने
इतक्या चर्चेत कबाडीवाल्याचा उल्लेख कोणी केला नाही, याचे नवल वाटते. माल घरोघर पोचवणारी साखळी कंपन्यांनी उभी केली. उलट दिशेची साखळी मात्र कबाडीवाल्याने स्वतःच्या हातगाडीवर उभी केली. बिअरची बाटली आज धुऊन पुन्हा भरली जाते ती कोणत्याही मोहिमेमुळे नव्हे. तिला भाव आहे, म्हणून ती भरली जाते. चोइथराम मंडीत जाऊन पाहा; बारदानाचा नवा, एकदा वापरलेला आणि ठिगळ लावलेला असा वेगवेगळा भाव असतो, आणि ठिगळ लावणाऱ्यांचे त्यावर पोट चालते.

तमिळनाडूत मद्याच्या बाटलीवर १० रुपये जास्त घेऊन रिकामी बाटली आणून दिल्यावर ते परत देण्याची योजना मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२२ मध्ये निलगिरीपासून सुरू झाली, कारण जंगलात फुटलेल्या काचांनी हत्तींचे पाय कापत होते. योजना चांगली आहे. पण अशी व्यवस्था उभी करताना अनामत थेट दुकानात परत मिळू लागली की मधला कबाडीवाला बाजूला पडतो. इंदुरात काही उभारायचे असेल तर गोळा करण्याचे काम त्याला रीतसर, दर ठरवून द्यावे. नाहीतर कालपर्यंत ज्याने शहराचे पैसे वाचवले त्याच्याच ताटातले काढून घेतल्यासारखे होईल.

दुसरे असे की अनामत ठरवताना रोजंदारीवरच्या माणसाचा विचार व्हावा. तो शांपूची एक-दोन रुपयांची पुडी घेतो ते त्याच्याकडे बाटलीचे पैसे एका वेळी नसतात म्हणून. त्याच्यासाठी वीस रुपये आठवडाभर अडकणे ही लहान गोष्ट नाही. सुटे तेल, सुटा साबण किराणा दुकानात पंपाने मोजून मिळाला, तर त्याला पुडीच्या भावात बाटलीचा माल मिळेल.

नियमावली
कायद्याचा संदर्भ थोडक्यात देतो. १ जुलै २०२२ पासून प्लॅस्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे, काड्या यांवर देशभर बंदी आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्याच वर्षी फेब्रुवारीत उत्पादकांच्या विस्तारित जबाबदारीची, म्हणजे माल विकल्यानंतरही वेष्टनाची जबाबदारी उत्पादकावर ठेवणारी, जी मार्गदर्शक तत्त्वे आली, त्यांत कठीण प्लॅस्टिकच्या वेष्टनासाठी पुनर्वापराची उद्दिष्टेही आहेत, याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. ०.९ लिटर ते ४.९ लिटरच्या आतील डब्या-बाटल्यांसाठी २०२५-२६ मध्ये १० टक्के आणि पुढे दरवर्षी ५ टक्क्यांची वाढ, ४.९ लिटर आणि त्याहून मोठ्यांसाठी मात्र सुरुवातच ७० टक्क्यांनी.

मोठ्या आकाराचा आकडा धाडसी वाटतो, पण कार्यालयांत येणारे पाण्याचे २० लिटरचे जार पूर्वीपासूनच परत जाऊन भरले जात आहेत. खरी परीक्षा लहान बाटल्यांची आहे, आणि ०.९ लिटरहून लहान वस्तूंना तर उद्दिष्टच नाही. पुडी, पाकीट, पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली, म्हणजे नेमके जे रस्त्यावर दिसते ते, पुनर्वापराच्या उद्दिष्टांबाहेर राहिले.

पिथमपूर_शिफ्ट
त्यासाठी बाटलीचा आकार सामायिक ठरला पाहिजे. राइनकाठच्या ताईंनी सांगितलेला १९६९ चा मुद्दा मला या धाग्यात सर्वांत मोलाचा वाटला. आपल्याकडे प्रत्येक कंपनीला आपल्या बाटलीची कंबर वेगळी हवी असते.

रात्रीचा_सराफा
आमच्या शिंप्याचीही हीच तक्रार आहे.

दुसरी_गल्ली (धागाकर्ता)
सर्वांचे आभार. मंडळाची बैठक काल झाली. स्टीलची ताटे घेण्याचे ठरले आहे. पैकी काही बर्तन बँकेकडे मागितली आहेत आणि उरलेली भाड्याने आणणार आहोत. पंगत_वाढपी यांच्या सांगण्यावरून मांडवामागची जागा दुचाकींना न देता धुण्यासाठी आणि जाळीच्या घोड्यांसाठी राखून ठेवली आहे. त्यावरून दोन कार्यकर्ते रुसले आहेत.

व्यवसायाच्या प्रश्नावर मला जे उमगले ते असे. सुरुवात करायची असेल तर घरपोच पार्सलपासून करणे व्यर्थ आहे; जिथे खाणारा जागेवरच थांबतो तिथून करावी, म्हणजे सराफा, छप्पन दुकान, मांडव, कार्यालये, कारखान्यांची उपाहारगृहे. भांडी एकाच घाटाची, मालकी एकाच संस्थेची, धुण्याचे केंद्र सामायिक, गोळा करणे कबाडीवाल्यांकडे. यात भांडवल घालायला कोणी पुढे येईल का, हे मात्र मला अजून दिसत नाही. ठेलेवाला दर वाटीमागे जे आज कागदाला देतो तेवढेच देण्यास तयार होईल, त्याहून पैसाही जास्त नाही, असे दोन-तीन ठेलेवाल्यांशी बोलल्यावर वाटले.

एक व्यावहारिक शंका उरली आहे. ताटे सहसा परत येतात, पण वाट्या, चमचे आणि पेले जातात. त्यावर उपाय आहे का? कोणी प्रत्येक भांड्याला मोबाइलने वाचता येणारी खूण लावावी असे सुचवले आहे.

हिशेबनीस
खुणेचा खर्च वाटीच्या किमतीच्या जवळ जात असेल तर तो करू नये. डेन्मार्कमधील आरहूस शहरात जानेवारी २०२४ पासून कॉफीच्या पेल्यांसाठी शहरभर यंत्रे बसवली आहेत, पेला टाकला की ५ क्रोनरची अनामत परत मिळते. तिथे माणसाच्या वेळेची किंमत जास्त आहे, म्हणून यंत्र परवडते. आपल्याकडे दाराशी एक चोख माणूस बसवणे स्वस्त पडेल.

कापडी_पिशवी
आजीच्या काळी भांड्यावर नाव घालून घेत असत. ठोक्याठोक्याने उमटवलेले नाव पाहून शेजारच्या घरातली वाटी वर्षभरानेसुद्धा परत येई, कारण ती वापरताना रोज नाव दिसे. मंडळाचे नाव मोठ्या अक्षरांत घाला, वाटीच्या बुडाशी न घालता कडेवर. परक्या मंडळाच्या नावाच्या वाटीत पाहुण्यांना श्रीखंड देण्याचे धाडस सहसा कोणी करत नाही.

पंगत_वाढपी
नाव घालाच, पण वाट्यांची गरजच कमी करा. खणांची ताटे घ्या. भाजी, वरण, कोशिंबीर आणि गोड एकाच ताटात बसते, आणि चार नगांऐवजी एकच नग मोजावा लागतो. त्यांचे कोपरे घासायला थोडा वेळ लागतो, एवढाच तोटा. चमचे मसालेभाताच्या शेजारी न ठेवता मागेल त्याला द्या. आपली माणसे हाताने जेवतात. पेल्यांसाठी मांडवाच्या बाहेर पडण्याच्या वाटेवर, विड्याच्या टेबलाच्या अलीकडे, मोठे पातेले ठेवा आणि विडा देणाऱ्याला सांगा की हात रिकामा असेल त्यालाच विडा मिळेल. जाळीचे घोडे माझ्याकडे पडून आहेत, ते घेऊन जा. तीन दिवस आधी फोन करा, कारण त्याच आठवड्यात एका कार्यालयातही ते लागणार आहेत.